बार्शीच्या पुढची झाडं

थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं प्रसिद्ध झाला. सिंधच्या वाळवंटातली झुडपं त्यात आहेत, गुजरातेतली आहेत, धारवाडकडच्या जंगलातली झाडं आहेत आणि सोलापूर जिल्ह्यातलीही आहेत, कारण हे सगळे मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होते. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणून बार्शीच्या परिसराचा त्यात विचार झाला. बार्शीहून पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात बालाघाटचा चढ लागतो आणि येडशी येते. येडशीचं रान मात्र या ग्रंथाच्या हद्दीत बसत नाही. तिथून निजामाचं राज्य सुरू होत होतं.

धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातल्या जीवशास्त्रीय संशोधनाची ओळख करून देताना मी इथून सुरुवात करतो, याला कारण आहे. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला आपल्या भागातल्या गवताचं नाव हवं असेल तर शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ हाताशी असतो. तुळजापूरच्या किंवा परंड्याच्या अभ्यासकाला तो आधार नव्हता. नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख १८५३ ते १८६० एवढाच काळ इंग्रजांच्या ताब्यात होता. कादंबरीकार म्हणून आधीच नाव झालेला मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गला राहून इथला कारभार पाहत असे. मग हा मुलूख पुन्हा हैदराबादकडे गेला. निजामाच्या राज्यातल्या जंगलवृक्षांवर पार्ट्रिज यांचं एक पुस्तक १९११ साली निघालं. बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली तेही याच वर्षी, आणि तिच्या वाटेवरचं एक स्थानक येडशीचं होतं. रेल्वे आली, पण बालाघाटच्या माळावर उतरून गवत, वेली, कंद आणि पाणवनस्पती गोळा करणारं कोणी आलं नाही. जंगलखात्याचं लक्ष लाकडावर असतं. लाकूड न देणारी बाकीची सृष्टी कागदावर आलीच नाही.

ती कागदावर आणली विद्यापीठानं. विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाचं मोठं काम कोणतं असं मला कोणी विचारलं, तर मी शोधनिबंधांचा आकडा सांगणार नाही. पन्नास वर्षांनी कोणालाही परत जाऊन तपासता येईल अशी नोंद त्या विभागानं मागे ठेवली का, एवढंच मी पाहीन. या कसोटीवर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागानं धाराशिवसाठी केलेलं काम फार मोलाचं आहे. त्याची ओळख जिल्ह्यातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला झाली. त्याआधी इथल्या मुलांचं उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी बांधलेलं होतं. १९४८च्या सप्टेंबरात भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या, बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला आणि मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर दहा वर्षांनी प्रदेशाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. नव्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांपुढं दोन वाटा होत्या. परदेशातल्या नियतकालिकांत ज्या प्रश्नांची चर्चा चालू होती ते प्रश्न घ्यायचे, किंवा दाराबाहेरची कोरी जागा भरून काढायची. डॉ. व्ही. एन. नाईक यांनी दुसरी वाट धरली. पदवीच्या विद्यार्थ्यांना ते सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणावरच्या पाठ्यपुस्तकाचे लेखक म्हणून माहीत असतात. पण त्याआधी, १९७९ साली, त्यांचा 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' हा ग्रंथ औरंगाबादहून प्रसिद्ध झाला होता. मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्ह्याच्या वनस्पतींना इतक्या शिस्तीनं शास्त्रात जागा मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढं १९९८ साली नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या मराठवाड्याच्या वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे महाराष्ट्राच्या वनस्पतींवरचे खंड १९९६ ते २००१ या काळात निघाले. म्हणजे राज्याचा ग्रंथ येण्याच्या सतरा वर्षं आधी उस्मानाबादचा ग्रंथ तयार होता.

आज उस्मानाबाद नाव वाचून लातूरकर हे पुस्तक बाजूला ठेवील, तर त्याचं नुकसान होईल. लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. ग्रंथ निघाला तेव्हा लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे सगळे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्यामुळं बालाघाटच्या पठारापासून मांजरा-तेरणेच्या खोऱ्यापर्यंतचा सलग प्रदेश या एका ग्रंथात येतो.

असा ग्रंथ तयार कसा होतो, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. बाहेरून पाहणाऱ्याला ती झाडांच्या नावांची यादी वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक नावामागं एक वाळलेली वनस्पती असते. अभ्यासक रानात जातो ते फुलं आणि फळं धरण्याच्या हंगामात, कारण नुसत्या पानांवरून बऱ्याच जातींचा निर्णय करता येत नाही. गवत असेल तर मुळासकट उपटायचं, वेल असेल तर कंद खणायचा. नमुना वर्तमानपत्राच्या कागदांत पसरून दाबयंत्रात घट्ट बांधायचा आणि कागद रोज बदलायचे. मराठवाड्याच्या पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा एक दिवस हयगय झाली तरी बुरशी धरते. वाळलेला नमुना किडीपासून वाचावा म्हणून त्यावर विषारी द्रावणाची प्रक्रिया करतात, तो जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. फुलाचा रंगही लिहून ठेवावा लागतो, कारण वाळल्यावर तो राहत नाही. असे कागद जिथं कुळावार लावून ठेवतात त्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. मराठवाडा विद्यापीठाच्या हर्बेरियमला आंतरराष्ट्रीय सूचीत स्वतःचं संक्षिप्त नाव आहे. जगातला कोणताही अभ्यासक त्या नावानं तिथल्या नमुन्याचा हवाला देऊ शकतो.

चिठ्ठीवरचं नाव बदलू शकतं. आपली बाभूळ पिढ्यान्‌पिढ्या अकेशिया या प्रजातीत शिकवली गेली. ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे राहील, हा निर्णय २०११ साली मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कायम झाला आणि बाभूळ व्हॅचेलिया झाली. तरवड कॅसियातून सेन्नात गेला. पण मूळ नमुना कपाटात असला तर काहीच हरवत नाही. नवा अभ्यासक तो कागद काढतो, भिंगाखाली पाहतो आणि नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी लावतो. आता तर अशा जुन्या वाळक्या पानातून डीएनए वेगळा करता येतो. फूल कोणत्या तारखेला धरलं होतं यावरून हवामान बदललं का, याचा अंदाज घेता येतो. नमुना गोळा करणाऱ्याच्या मनात यातलं काहीही नसेल. त्यानं तारीख आणि गाव नीट लिहिलं, एवढ्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

१९७९ नंतर या जिल्ह्यात काय काय घडलं हे लक्षात घेतलं की त्या नोंदीची किंमत आणखी कळते. तेव्हा सोयाबीन इथलं पीक नव्हतं. खरिपात मूग, उडीद, तूर, भुईमूग, तीळ, अंबाडी आणि रब्बीत ज्वारी, करडई, जवस, हरभरा अशी सरमिसळ होती. आज पावसाळ्यात कळंबपासून उमरग्यापर्यंत सोयाबीनच दिसतं. तणनाशकं आली, ट्रॅक्टर आले, बांध अरुंद झाले. मांजरा आणि सीना-कोळेगावसारख्या धरणांनी नदीकाठ पाण्याखाली घेतला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरातली गावं जमीनदोस्त झाली. पुढं नवी गावं नव्या जागेवर वसली, जुन्या गावठाणांवर रान वाढलं. त्या गावठाणांवर आज कोणत्या वनस्पती आहेत, हा मला जिल्ह्यातला सर्वांत महत्त्वाचा न झालेला अभ्यास वाटतो. आणि गाजरगवत! १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे मेक्सिकोकडचं तण आता इथल्या प्रत्येक पडीक जमिनीवर आहे. त्यानं कोणाची जागा घेतली, हे सांगायला त्याआधीची किंवा ते पसरत असतानाची नोंदच लागते.

कडवंचीचं उदाहरण पाहा. धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यात पावसाळ्यात बाजारात बायका लहान लहान ढिगांनी कडवंच्या विकायला बसतात. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, शिरांची, कडसर फळं. शेंगदाण्याचं कूट घालून परतलेली ही भाजी इथल्या माणसाला पुण्यात गेल्यावर आठवते. कडवंचीची वेल कारल्याच्या प्रजातीतली आहे. जमिनीत कंद असतो. पाऊस पडला की कंदातून वेल फुटते, थंडीनंतर वरचा भाग वाळून जातो. काळ्या भारी जमिनीत, बांधाच्या कडेला ती टिकून राहिली ती या कंदामुळं. खोल नांगरट झाली की कंद वर येतो आणि उन्हात मरतो. तिला वाचवायचं असेल तर आधी ती कुठं कुठं होती आणि आता कुठं उरली, हे कळायला हवं. हे काम पदव्युत्तर वर्गातली दोन मुलं दोन पावसाळ्यांत करू शकतील, त्याला महागडं यंत्र लागत नाही.

नाईकांच्या कामाची दखल त्यांच्या क्षेत्रानंही घेतली. माळरानावर गवतात मिसळून वाढणाऱ्या आणि जनावरं आवडीनं खातात अशा शेंगावर्गीय वनस्पतींची अलिसिकार्पस नावाची प्रजाती आहे. तिच्यातल्या एका जातीला डॉ. पोकळे यांनी नाईकांचं नाव दिलं, अलिसिकार्पस नाईकिअ‍ॅनस. याच प्रजातीवर औरंगाबादच्या वनस्पतिशास्त्र विभागात पुढंही काम चालू राहिलं. पोकळे, चव्हाण आणि सरदेसाई यांनी २०१३ साली पश्चिम घाटातून तिची आणखी एक नवी जात जगापुढं मांडली. यातले डॉ. मिलिंद सरदेसाई म्हणजे एस. आर. यादव यांच्यासह कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिणारे. मराठवाडा आणि कोल्हापूर या दोन परंपरा अशा एका विभागात येऊन मिळाल्या.

याच विभागात नाईकांच्याच काळात दुसरं एक मोठं काम उभं राहिलं, त्याचा विषय जमिनीवरचा नव्हता. प्रा. एस. टी. टिळक हवेतले बीजाणू आणि परागकण मोजत होते. पिकावर भुरी, केवडा, तांबेरा, करपा पडतो तो बहुतेक वेळा वाऱ्यावरून आलेल्या बुरशीच्या बीजाणूंमुळं. ते बीजाणू कधी येतात, दिवसा की रात्री, पावसाआधी की नंतर, हे कळलं तर फवारणी वेळेवर करता येते. इंग्लंडमध्ये हर्स्ट यांनी १९५२ साली यासाठी एक स्वयंचलित यंत्र केलं होतं. ते भारतात मागवणं त्या काळी सोपं नव्हतं. टिळक आणि आर. एल. कुलकर्णी यांनी औरंगाबादला स्वतःचं यंत्र बनवलं आणि १९७० साली 'एक्सपेरिएन्शिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्याची माहिती दिली. विजेवर चालणारा पंखा हवा आत ओढतो. हवेबरोबर आलेले कण संथपणे फिरणाऱ्या ढोलावरच्या चिकट पट्टीवर बसतात. पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की कोणत्या वेळी कोणते बीजाणू किती होते, हे मोजता येतं. 'टिळक एअर सॅम्पलर' या नावानं ते यंत्र देशभरातल्या महाविद्यालयांत पोहोचलं आणि वायुजीवशास्त्राचे कितीतरी प्रबंध त्याच्यावर लिहिले गेले. धाराशिवच्या द्राक्षबागायतदाराला टिळकांचं नाव ठाऊक नसेल, पण पावसाळी हवेत केवड्याचा सल्ला त्याला वेळेवर मिळतो त्यामागं हेच शास्त्र आहे.

प्राणिशास्त्राकडे वळलं की चित्र थोडं वेगळं दिसतं, आणि त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जी. बी. शिंदे, बी. व्ही. जाधव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी परजीवी कृमींवर, विशेषतः पट्टकृमींवर, अनेक वर्षं काम केलं. गोदावरीतले मासे, शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या यांच्या आतड्यांतून कृमी काढायचे, रंगवायचे, त्यांचं रेखाटन करायचं आणि वर्णन लिहायचं. या प्रदेशाला हे काम गरजेचं होतं. उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्यानं देशाला दिलेली जात. बहुतेक काळी, मटणासाठी आणि दुधासाठीही पाळली जाणारी, जुळी करडं देण्याबद्दल नावाजलेली आणि कोरड्या माळावर मिळेल ते खाऊन तगणारी. ज्या घरात जमीन नाही तिथं दोन शेळ्या असतात, आणि अडीनडीला त्याच उपयोगी येतात. शेळीच्या पोटातला कृमी हा अशा घराच्या कमाईचा प्रश्न आहे.

तरी या परंपरेतल्या अनेक नव्या जाती पुढं टिकल्या नाहीत. गेल्या वीस वर्षांत युरोपातल्या तज्ज्ञांनी माशांच्या पट्टकृमींचा जगभरचा फेरआढावा घेतला. तेव्हा भारतातून वर्णन झालेल्या पुष्कळ जाती आधी माहीत असलेल्याच जाती ठरल्या. काहींचे मूळ नमुने तपासायला मिळालेच नाहीत. वर्णन होतं, चित्र होतं, पण परत पाहता येईल असा नमुना संग्रहालयात जमा नव्हता. हे सांगताना त्या संशोधकांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी सूक्ष्मदर्शकापुढं बसून काढलेले तास खरे होते. पण वनस्पतिशास्त्राच्या कपाटात जपलेला कागद आणि इथं हरवलेली काचपट्टी यांच्यातला फरक विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच दाखवला पाहिजे. उस्मानाबादी शेळीच्या कृमींवर आज कोणी नव्यानं काम करणार असेल, तर नमुना कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे जमा करणं आणि त्याचा डीएनए क्रम सार्वजनिक कोशात नोंदवणं ही त्या कामाची पहिली अट ठरावी.

नोंद नसली की काय होतं, ते २०२२च्या खरिपात दिसलं. लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीन उगवून वर आलं आणि शंखी गोगलगायींनी रातोरात रोपं खाल्ली. शेतकरी पहाटे बादल्या घेऊन शेतात उतरले, गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकू लागले. पुष्कळांना दुबार पेरणी करावी लागली. ही आफ्रिकेतली गोगलगाय. १८४७ साली बेन्सन नावाच्या एका इंग्रजानं मॉरिशसहून आणून ती कलकत्त्यात सोडली आणि तिथून ती हळूहळू देशभर पसरली. पण बालाघाटवर ती कधी आली, कोणत्या वाटेनं आली, रोपवाटिकेतल्या मातीतून की आणखी कशातून, २०२२ आधी किती वर्षं ती इथं गुपचूप वाढत होती? जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत. प्रत्येकानं दर पावसाळ्यात आपल्या परिसरातल्या गोगलगायींची साधी मोजणी ठेवली असती, तर ही धाड अचानक आली नसती. कृषी विभाग औषधाची शिफारस करू शकतो. वाढ कधी सुरू झाली, हे मात्र दरवर्षी तिथंच असणारा शिक्षक आणि त्याचे विद्यार्थीच पाहू शकतात.

नोंद असली की काय होतं याचंही उदाहरण याच जिल्ह्यातलं आहे. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली घोषित झालं. क्षेत्र जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. धावडा, सालई, खैर, पळस यांचं पानझडीचं रान, मधे रामलिंगाचं देऊळ आणि ओढा. २०२४च्या डिसेंबरात तिथं बसवलेल्या कॅमेऱ्यात वाघ आला. मराठवाड्याच्या या टोकाला वाघ ही कोणी कल्पना केली नसेल. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा आहे, हे कळलं त्याच्या पट्ट्यांवरून. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि टिपेश्वरला त्याची छायाचित्रं आधीच संग्रही होती. कित्येक जिल्हे ओलांडून, उसाच्या फडांतून, ओढ्यानाल्यांच्या कडेनं, एवढ्याशा रानापर्यंत तो पोहोचला. त्याच्या प्रवासाबद्दल आज आपण काही बोलू शकतो, कारण दूर यवतमाळला कोणीतरी छायाचित्रं क्रमांक घालून जपून ठेवली होती.

२००४ साली विद्यापीठ स्वतःच या जिल्ह्यात आलं. तेव्हाच्या उस्मानाबाद शहरात उपकेंद्र सुरू झालं, जैवतंत्रज्ञानाचा विभाग आला. पदव्युत्तर विज्ञान शिक्षणासाठी अडीचशे किलोमीटरवरच्या औरंगाबादला किंवा सोलापूर-पुण्याला जाणारी मुलं, आणि त्याहून जास्त मुली, घराजवळ शिकू लागल्या. हा बदल मोठा आहे. ज्या घरातून मुलीला दूर पाठवलं जात नाही, तिथली मुलगी सूक्ष्मजीव वेगळे करायला, डीएनए जेलवर पळवायला शिकली. त्याशिवाय शहरातलं रामकृष्ण परमहंस महाविद्यालय, तुळजापूरचं यशवंतराव चव्हाण महाविद्यालय, कळंबचं शिक्षणमहर्षी ज्ञानदेव मोहेकर महाविद्यालय, उमरग्याचं श्री छत्रपती शिवाजी महाविद्यालय अशी महाविद्यालयं तालुक्यांतून उभी आहेत.

इथल्या प्रयोगशाळांना इथलेच प्रश्न पुरून उरतील. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू आपल्या जमिनीत मुळात नव्हता, म्हणून पेरणीच्या वेळी रायझोबियमचं पाकीट वापरायला सांगतात. इतकी वर्षं सोयाबीन घेतल्यावर आता इथल्या काळ्या जमिनीत तो किती टिकून आहे? भूम-वाशी भागात दूध आटवून खवा करण्याची परंपरा आहे आणि कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तो खवा किती दिवस टिकतो, कोणत्या बुरशीनं बिघडतो, हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी तयार विषय आहे आणि त्याचं उत्तर भट्टीवरच्या माणसाच्या रोजच्या कामाचं आहे. अडचण दुसरीकडे आहे. शिक्षकाची बढती शोधनिबंधांच्या संख्येशी बांधली गेली, तेव्हापासून एका तलावाच्या पाण्याचं एका वर्षाचं मोजमाप करून छोटा निबंध छापायचा आणि पुढच्या वर्षी दुसरा तलाव घ्यायचा, असं पुष्कळ ठिकाणी घडलं. बोरी धरणाच्या पाण्याचं सलग वीस वर्षं मोजमाप एकाच पद्धतीनं ठेवलेलं असतं, तर २०१२-१३ आणि २०१५-१६च्या दुष्काळांत त्या पाण्यातल्या शेवाळांचं आणि माशांचं काय झालं, हे आज सांगता आलं असतं. अशा दीर्घ कामाला गुण देणारी पद्धत विद्यापीठानं स्वतः ठरवावी, दिल्लीची वाट पाहू नये, असं माझं ठाम मत आहे.

नाईकांच्या आणखी एका पुस्तकाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. इंग्रजी ग्रंथांबरोबरच त्यांनी 'मराठवाड्यातील सामान्य वनौषधी' हे पुस्तक मराठीत लिहिलं. जे ज्ञान गावातल्या माणसांकडून घेतलं ते त्यांना वाचता येईल अशा भाषेत परत गेलं. इंग्रजी ग्रंथातल्या स्थानिक नावांच्या मागंही धनगर, पारधी, वैदू, गुराखी आणि शेतात खुरपणाऱ्या बायका असतात. त्यांच्याविना कोणताही वनस्पतिग्रंथ पूर्ण झालेला नाही. कुंदा, हराळी, मारवेल, पवन्या, कुसळी यांतलं कोणतं गवत जनावर कधी खातं आणि कधी सोडून देतं, हे गुराख्याला माहीत असतं. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला लातूर-धाराशिव भागात सगळं घर शेतात जातं, कडब्याची कोप करून पांडव मांडतं आणि भज्जी, उंडे, आंबील यांचं जेवण होतं. त्या भज्जीत त्या दिवशी शिवारात जे जे हिरवं आहे ते पडतं: तुरीच्या, वालाच्या शेंगांचे दाणे, हरभरा, भाज्या. एकेका गावातल्या भज्जीत कोणत्या वनस्पती पडतात याची यादी आज केली आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या लहानपणीची यादी विचारली, तर पीकवैविध्य किती आटलं याचा चांगला अंदाज मिळेल.

तेव्हा नव्या अभ्यासकानं काय करावं? १९७९च्या ग्रंथाचा फेरआढावा घेणं हे माझ्या मते जिल्ह्यातल्या जीवशास्त्राचं पुढच्या दहा वर्षांचं मुख्य काम असावं. धाराशिव आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांनी मिळून ते करावं, कारण मूळ ग्रंथ दोघांचा आहे. आधी छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, विद्यापीठाच्या हर्बेरियममधल्या या प्रदेशाच्या नमुन्यांची चांगली छायाचित्रं घेऊन ती सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत. मग प्रत्येक तालुक्यातल्या महाविद्यालयानं आपल्या भागातली ठिकाणं वाटून घ्यावीत: येडशीचं रान, नळदुर्गच्या किल्ल्यातल्या भिंती आणि बोरीचा काठ, तुळजापूरचा घाट, परंड्याकडचे सीनेकाठ, सास्तूर परिसरातली जुनी गावठाणं. जून ते नोव्हेंबर दर पंधरवड्याला एक फेरी, कारण पहिल्या पावसानंतर फुलणारे कंद तीन आठवड्यांत दिसेनासे होतात आणि गवतं ऑक्टोबराशिवाय ओळखता येत नाहीत. उन्हाळ्यात पळस, पांगारा आणि सावरीसाठी वेगळ्या फेऱ्या लागतील. प्रत्येक नमुन्याचे दोन कागद करावेत, एक महाविद्यालयात ठेवावा आणि एक विद्यापीठात जमा करावा. जे १९७९ साली होतं आणि आता सापडत नाही, त्याची वेगळी यादी करून ती गावागावांत वाचून दाखवावी. एखादी वनस्पती नाहीशी झाली असं आपण ठरवण्याआधी ती कुठल्या बांधावर शिल्लक आहे, हे सांगणारं कोणीतरी त्या वाचनाला हजर असण्याची शक्यता मोठी आहे.